बोर्डाचा दिवा पेटतो, पण कोड चढत नाही : सिरियल पोर्टचा नेहमीचा घोळ

काल संध्याकाळी याच अर्डुइनो बोर्डात, म्हणजे कोड भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डात, यूएसबी केबलने कोड चढला होता. आज तोच लॅपटॉप, तीच केबल, कोडमध्ये बदललेली ओळ एकच, आणि खाली ‘एसटीके५०० गेटसिंक, अटेम्प्ट १० ऑफ १०, नॉट इन सिंक’. मग ठरलेला क्रम सुरू होतो. केबल काढून लावायची, आयडीई (कोड लिहून बोर्डात पाठवायचा संगणकावरचा प्रोग्राम) बंद करून उघडायची, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, ड्रायव्हर परत टाकायचा आणि शेवटी बोर्ड गेला म्हणून नवा आणायचा. यातल्या एखाद्या उपायाने काम होतंही, पण नेमकं कशाने झालं ते कळत नाही. म्हणून आठवड्याने तोच घोळ पुन्हा.

चवथीचा हलता देखावा, नरकासुराची फिरणारी मान, शिगम्याच्या चित्ररथावरची रोषणाई, शाळेतला रोबोटिक्सचा प्रकल्प, यांच्या पोटात आता अर्डुइनोचा उनो, नॅनो नाहीतर ईएसपी३२ हा बोर्ड असतो. एक बोर्ड चार पोरांच्या लॅपटॉपवर फिरतो आणि एका लॅपटॉपला दिवसात दहा बोर्ड लागतात. या अदलाबदलीतच सिरियल पोर्ट, म्हणजे संगणक आणि बोर्ड यांचा बोलण्याचा मार्ग, बिघडतो. खरं तर तो बिघडत नाही, आपण भलत्याच पोर्टशी भलत्याच वेगाने बोलत राहतो.

संदेश एकच दिसत असला तरी कारणं निदान सहा-सात आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासता येतात: पोर्ट दिसतो का, दिसला तर उघडतो का, उघडला तर पलीकडून उत्तर येतं का, आलं तर ते योग्य वेगाने येतं का. मधली पायरी गाळली की तास जातो. सुरुवातीलाच आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन अपलोडच्या वेळचं सविस्तर आउटपुट चालू करा. त्यात ‘यूझिंग पोर्ट’ आणि ‘ओव्हररायडिंग बॉड रेट’ (बॉड रेट म्हणजे पोर्टवर बोलण्याचा वेग) अशा दोन ओळी येतात. पुढचं निम्मं निदान त्या दोन ओळींतच आहे.

बॉड रेट म्हणून तीन वेगळे आकडे

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर उजवं क्लिक करून ‘पोर्ट सेटिंग्ज’मध्ये ९६०० चं ११५२०० करा, हा सल्ला सर्रास मिळतो. त्याने काहीही होत नाही. तो आकडा फक्त मूळचा, कोणी काही सांगितलं नाही तर वापरायचा. आयडीई किंवा तिच्या आतून कोड पाठवणारा एव्हीआरड्यूड हा प्रोग्राम, पोर्ट उघडताना स्वतःचा वेग सांगतात आणि तोच चालतो.

दुसरा आकडा अपलोडचा. तो बोर्डातल्या बूटलोडरने, म्हणजे नवा कोड घेऊन चिपमध्ये लिहिणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, ठरवलेला असतो आणि टूल्समध्ये आपण जो बोर्ड निवडतो त्यावरून आयडीई तो उचलते. उनोला ११५२००, जुन्या बूटलोडरच्या नॅनोला ५७६००, प्रो मिनीला ५७६००.

तिसरा आकडा आपल्या कोडमधला, ‘सिरियल डॉट बिगिन’च्या कंसातला. सिरियल मॉनिटरच्या (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणाऱ्या खिडकीच्या) उजव्या बाजूचा आकडा याच्याशी जुळला पाहिजे, अपलोडशी त्याचा काही संबंध नाही. मॉनिटर ९६०० वर आहे म्हणून कोड चढत नाही, असं कधीच होत नाही. मॉनिटर दुसऱ्या प्रोग्रामात उघडा राहिला म्हणून चढत नाही, असं मात्र रोज होतं.

बाकी सेटिंग्ज, म्हणजे ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल नाही, या आयडीईतून काम करताना हात लावण्यासारख्या नाहीत. पुट्टीसारख्या वेगळ्या टर्मिनलमध्ये मात्र फ्लो कंट्रोल ‘नन’ आहे ना ते बघा. तिथे मूळचं ‘एक्सऑन-एक्सऑफ’ राहिलं तर डेटातलं १३ हे हेक्स मूल्य ‘थांब’ अशी खूण म्हणून खाल्लं जातं.

पोर्टच यादीत नाही

बोर्ड काढा, टूल्समधली पोर्टची यादी बघा. बोर्ड लावा, पुन्हा बघा. जे नाव नव्याने आलं तोच आपला पोर्ट. ब्लूटूथमुळेही दोन-तीन कॉम पोर्ट (विंडोज पोर्टांना कॉम३, कॉम५ अशी नावं देतं) यादीत असतात आणि घाईत कॉम३ समजून तिथेच कोड पाठवला जातो, म्हणून ही दहा सेकंदांची तपासणी चुकवू नका.

नवं नाव आलंच नाही, तर आधी केबल बदला. बोर्डाचा दिवा पेटतो याचा अर्थ तांबडी आणि काळी तार ठीक आहे, एवढाच. डेटा पांढऱ्या आणि हिरव्या तारेतून जातो आणि चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये या दोन तारा नसतातच. केबलची परीक्षा सोपी: तिने फोन लॅपटॉपला जोडा. फोटो दिसले तर डेटा केबल, नुसतं चार्जिंग झालं तर ती केबल वेगळ्या डब्यात टाका आणि तिला गाठ मारून ठेवा. नॅनोची मिनी यूएसबी केबल फोनला लागत नाही, तिची परीक्षा दुसऱ्या चालत्या नॅनोवरच घ्यावी लागते.

मग बोर्डाचं सॉकेट. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडा पडलेला बोर्ड चवथीला बाहेर काढला की सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसतो. पॉवरच्या पिना थोड्या खराब संपर्कावरही चालून जातात, डेटाच्या पिना नाही. परिणाम असा की केबल तिरकी धरली की पोर्ट दिसतो, सोडली की जातो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश घ्या, सॉकेटमध्ये केबल आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, पूर्ण वाळू द्या. तरी हलत असेल तर सॉकेटचे टाके सुटलेले असतात. तिथे बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नचंच काम.

केबल आणि सॉकेट ठीक असूनही पिवळ्या त्रिकोणाखाली अनोळखी डिव्हाइस येत असेल तर प्रश्न ड्रायव्हरचा. बोर्डावर यूएसबीशेजारी, यूएसबीचं सिरियलमध्ये रूपांतर करणारी कोणती चिप आहे ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्समधल्या हार्डवेअर आयडीत तिचा क्रमांक मिळतो. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआय. २३४१ ने सुरू झाला तर अर्डुइनोचा स्वतःचा, आत बहुतेकदा १६यू२ चिप असलेला बोर्ड. ड्रायव्हर त्या चिपचा घ्यायचा, ‘अर्डुइनो ड्रायव्हर’ म्हणून शोधून मिळेल तो नव्हे. विंडोज अपडेटनंतर सीएच३४० चा बोर्ड दिसतो पण काहीच चढत नाही, असं झालं तर ड्रायव्हर टॅबमध्ये ‘रोल बॅक’ करून बघा. बाजारात सीएच३४० च्या नकला भरपूर आहेत आणि नव्या ड्रायव्हरशी त्यांचं पटत नाही. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ ची जुनी किंवा नकली चिप असलेल्या केबल तर विंडोज ८ पासून ‘कोड १०’ ही चूक दाखवून बसतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

लिनक्सवर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. टर्मिनलमध्ये ‘सूडो डीमेसेज’ (dmesg, म्हणजे कर्नलच्या नोंदी) चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. सीएच३४०, सीपी२१०२, एफटीडीआय असेल तर नाव टीटीवाययूएसबी०, १६यू२ असेल तर टीटीवायएसीएम०. उबुंटू २२.०४ वर एक खास गंमत आहे: सीएच३४० जोडल्या जोडल्या दिसतो आणि त्याच क्षणी ‘डिसकनेक्टेड’ होतो. डीमेसेजमध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हा शब्द दिसला की कारण सापडलं. हा ब्रेल उपकरणांसाठीचा प्रोग्राम आहे आणि १ए८६:७५२३ हा क्रमांक दिसला की तो बोर्डालाच ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेतो. त्या संगणकावर ब्रेल उपकरण वापरणारं कोणी नसेल तर ‘सूडो एपीटी रिमूव्ह’ने तो काढून टाका आणि बोर्ड पुन्हा लावा. कोणी वापरत असेल तर पॅकेज तसंच ठेवून त्याच्या यूडेव्ह नियमांतली (उपकरण जोडल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या नियमांतली) फक्त या क्रमांकाची ओळ बंद करा.

पोर्ट दिसतो, पण उघडत नाही

विंडोजवर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आणि लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ हे शब्द सारखे वाटले तरी रोग वेगळे आहेत.

विंडोजवर याचा अर्थ पोर्ट दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. आयडीईची दुसरी खिडकी, पुट्टी, व्हीएस कोडमधला मॉनिटर, ‘प्रोसेसिंग’ या प्रोग्रामात चालू राहिलेला आलेख, थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर, यांपैकी कोणीतरी तो धरून असतो. सगळं बंद दिसत असूनही संदेश येत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये अडकून पडलेला एव्हीआरड्यूड शोधा आणि तो संपवा. लिनक्सवर याच अवस्थेला ‘रिसोर्स बिझी’ म्हणतात आणि ‘एलएसओएफ’पुढे पोर्टचा पूर्ण मार्ग दिला की धरून बसलेल्याचं नाव थेट मिळतं.

लिनक्सवरचं ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे तुमचं खातं डायलआउट गटात, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात, नाही. आज्ञा अशी: सूडो यूजरमॉड -एजी डायलआउट, पुढे आपलं यूजरनेम. टाइप करताना ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर तुम्ही बाकी सगळ्या गटांतून बाहेर पडता, त्यात प्रशासकाचे अधिकार देणारा सूडोचा गटही आला, आणि मग दुसरंच संकट. आज्ञेनंतर लॉगआउट करून परत आत या. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही, आणि ‘मी गटात घातलं तरी चालत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं. पोर्टला दरवेळी ‘सीएचमॉड ६६६’ करत बसू नका. केबल काढली की तो बदल पुसला जातो.

कालचा कॉम५ आज कॉम११ कसा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी आणि सगळ्यात कमी समजून घेतलेली गोष्ट ही.

एफटीडीआयच्या आणि अर्डुइनोच्या अस्सल बोर्डांत प्रत्येक नगाचा स्वतःचा अनुक्रमांक असतो. विंडोज तो लक्षात ठेवतं. म्हणून असा बोर्ड कोणत्याही यूएसबी भोकात लावला तरी त्या लॅपटॉपवर त्याचा कॉम क्रमांक तोच राहतो. सीएच३४० च्या नेहमीच्या बोर्डांत अनुक्रमांक नसतो. विंडोजला ते सगळे सारखेच दिसतात, मग ते बोर्डाला नाही, भोकाला क्रमांक देतं. डाव्या भोकात लावला तर कॉम५, उजव्या भोकात तोच बोर्ड कॉम११. उलट वीस वेगवेगळे सीएच३४० नॅनो एकाच भोकात एकामागून एक लावले तर वीसही कॉम५.

याचे दोन परिणाम. सीएच३४० वाल्यांनी भोक ठरवून टाकावं. लॅपटॉपवर कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर कॉम क्रमांक लिहावा, बोर्ड नेहमी तिथेच. आणि जिथे अनुक्रमांकवाले बोर्ड खूप फिरतात, उदाहरणार्थ शाळेची प्रयोगशाळा, तिथे प्रत्येक नवा बोर्ड नवा क्रमांक खातो आणि आकडा तीसच्या पुढे जातो. आयडीईला त्याचं वावडं नाही, पण काही जुन्या प्रोग्रामांना कॉम९ च्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा, पोर्ट्समधली फिकट नावं अनइन्स्टॉल करा, मग आपल्या पोर्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन लहान क्रमांक द्या. तिथे ‘इन यूज’ लिहिलेलं असलं तरी तो क्रमांक जुन्या, न जोडलेल्या बोर्डाचा असेल तर बिनधास्त घ्या.

लिनक्सवर क्रमांक लावण्याच्या क्रमाने मिळतात. दोन बोर्ड असतील तर कोणता यूएसबी० आणि कोणता यूएसबी१ हे सांगता येत नाही. ‘डेव्ह’मधल्या ‘सिरियल’ फोल्डरात ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ असे दोन उपफोल्डर आहेत. अनुक्रमांकवाल्या बोर्डाला बाय-आयडीचं नाव वापरा, सीएच३४० ला बाय-पाथचं. केबल हलून बोर्ड क्षणभर सुटला आणि त्या वेळी मॉनिटर उघडाच असला, तर यूएसबी० अडकून राहतो आणि परत आलेला बोर्ड यूएसबी१ होतो. मॉनिटर बंद करून केबल पुन्हा लावली की जागेवर येतो.

लिओनार्डो आणि प्रो मायक्रो हा वेगळाच वंश. त्यांत यूएसबी मूळ चिपमध्येच आहे. अपलोडच्या वेळी आयडीई त्यांचा पोर्ट १२०० बॉडने उघडून बंद करते, ही रीसेटची खूण. मग बोर्ड नाहीसा होतो आणि आठेक सेकंदांसाठी बूटलोडरच्या नव्या क्रमांकाने येतो. तेव्हा यादीतलं नाव बदलताना दिसलं तर घाबरू नका. कोडने यूएसबीच अडवून ठेवली असेल तर हे १२०० चं सोंग चालत नाही. खाली ‘अपलोडिंग’ दिसताच बोर्डाचं रीसेट हाताने दाबा, प्रो मायक्रोला झटपट दोनदा.

पोर्ट उघडतो, पण ‘नॉट इन सिंक’

इथवर आलात म्हणजे संगणकाची बाजू ठीक आहे. आता काय चाललंय ते समजून घ्या. एव्हीआरड्यूड पोर्ट उघडतो तेव्हा डीटीआर नावाची रेषा खाली जाते. ती ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनला जोडलेली असते, म्हणून बोर्ड क्षणभर रीसेट होतो आणि बूटलोडर जागा होतो. उनोचा बूटलोडर, ऑप्टिबूट, साधारण सेकंदभर वाट बघतो. तेवढ्यात एव्हीआरड्यूडने पाठवलेल्या ३० आणि २० या हेक्स बाइटना त्याने १४ आणि १० असं उत्तर द्यायचं असतं. १४ आला नाही की ‘नॉट इन सिंक’.

संदेशातल्या ‘रेस्प’ पुढचा आकडा म्हणून वाचण्यासारखा असतो. ३० आला तर तुमचेच शब्द परत येताहेत, म्हणजे टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या तारा कुठेतरी एकमेकांना चिकटल्यात. ४८, ६५, ६सी असे आकडे येत असतील तर ती इंग्रजी अक्षरं आहेत: बोर्डातला जुना कोड ‘हॅलो’ छापतोय, म्हणजे रीसेट झालेलाच नाही. बाकी आकड्यांवरून फारसं काही ठरत नाही.

नॅनो असेल तर पहिला संशय बूटलोडरवर. २०१८ च्या सुरुवातीपासून अर्डुइनोने नॅनोत ११५२०० वेगाचा नवा बूटलोडर द्यायला सुरुवात केली. बाजारातल्या कित्येक नकलांत मात्र अजून ५७६०० चा जुनाच येतो. टूल्समध्ये प्रोसेसरखाली ‘एटीमेगा३२८पी ओल्ड बूटलोडर’ निवडा आणि पुन्हा पाठवा. एकाच पिशवीतून आलेल्या पाच नॅनोंत दोन जुने नि तीन नवे निघू शकतात. ज्याला जो चालला तो आकडा पाठीवर मार्करने लिहून ठेवा.

मग पिन ० आणि १. हीच बोर्डाची आरएक्स आणि टीएक्स, यूएसबीची चिपही यांवरच बोलते. इथे एचसी-०५ ब्लूटूथ किंवा जीएसएम मॉड्यूल जोडलेलं असेल तर पिन ० वर दोघे एकाच वेळी ओरडतात आणि बूटलोडरला काहीच कळत नाही. अपलोडपुरती पिन ० ची तार काढा. कायमचा उपाय म्हणजे मॉड्यूल दुसऱ्या पिनांवर हलवून सॉफ्टवेअरसिरियल ही लायब्ररी वापरणं, आणि तेही ९६०० वरच ठेवणं.

यानंतरही गाडी अडली असेल तर लूपबॅक करा, म्हणजे पाठवलेलं तसंच परत येतं का ते बघा. ही परीक्षा लोक का टाळतात कोण जाणे, दोन तारांत निकाल लागतो. उनोवर रीसेट पिन एका तारेने जीएनडीला (ग्राउंडला) जोडा म्हणजे मुख्य चिप गप्प बसेल. दुसऱ्या तारेने पिन ० आणि १ एकमेकांना जोडा. सिरियल मॉनिटर कोणत्याही वेगावर उघडा, काहीही टाइप करून पाठवा. तेच परत उमटलं तर केबल, ड्रायव्हर, यूएसबी चिप, पोर्ट, सगळं निर्दोष. दोष मुख्य चिपमध्ये, तिच्या बूटलोडरमध्ये किंवा रीसेटमध्ये. काहीच उमटलं नाही तर आधीच्या पायऱ्यांकडे मागे या, बोर्ड टाकायची घाई नको.

रीसेटची परीक्षा: बोर्डावरचं रीसेट बटण दाबून सोडा. ‘एल’ लिहिलेला एलईडी भराभर लुकलुकला तर बूटलोडर जिवंत आहे. मग आपोआप रीसेट होत नसेल तरी हाताने जमतं. बटण दाबून धरा, अपलोड द्या, कंपाइल संपून ‘अपलोडिंग’ आलं की सोडा. दोन-तीन प्रयत्नांत वेळ साधते. प्रो मिनीत हे रोजचंच, कारण त्यावर यूएसबी नसतं आणि बाहेरून लावायच्या स्वस्त सीपी२१०२ मॉड्यूलमध्ये डीटीआर ही पिन पट्टीवर नसून कडेला नुसता टाका म्हणून असते. तिथे तार जोडली की बटणाची कटकट संपली. टीएक्स नेहमी पलीकडच्या आरएक्सला जातो आणि ३.३ व्होल्टच्या प्रो मिनीला ३.३ चंच मॉड्यूल लावायचं, हेही ओघाने आलं.

प्रो मिनीचा वेग ५७६०० च का, याचं उत्तर भागाकारात आहे. चिपला आपल्या घड्याळाला पूर्णांकाने भागूनच बॉड मिळतो. १६ मेगाहर्ट्झला आठाने आणि मग १७ ने भागलं की ११७६४७ येतात, म्हणजे ११५२०० पेक्षा २.१ टक्के जास्त. चालून जातं. ८ मेगाहर्ट्झवर जवळात जवळचा आकडा ११११११, चूक साडेतीन टक्के. एका बाइटचे दहा बिट मोजेपर्यंत एवढी चूक साठून शेवटचा बिट घसरतो. ५७६०० ला ८ मेगाहर्ट्झवर ५८८२४ मिळतात, पुन्हा २.१ टक्के. उगाच कोणी हा आकडा निवडलेला नाही, म्हणून बोर्ड्सच्या फायलीत जाऊन तो वाढवायच्या भानगडीत पडू नका.

ईएसपी३२ ची वेगळी तऱ्हा

इथे संदेश वेगळा: ‘फेल्ड टू कनेक्ट’, आणि ठिपक्यांची रांग. ईएसपी३२ ला प्रोग्राम घेण्याच्या अवस्थेत जायला रीसेटच्या क्षणी जीपीआयओ० ही पिन खाली, म्हणजे ० व्होल्टवर, असावी लागते. डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा बोर्डावरच्या दोन ट्रान्झिस्टरमधून हे घडवतात, पण काही बोर्डांत वेळेचं गणित चुकतं. ठिपके सुरू झाले की ‘बूट’ बटण दाबून धरा आणि टक्केवारी दिसू लागली की सोडा. दरवेळी हे करायचा कंटाळा असेल तर ईएन (रीसेटची पिन) आणि जीएनडीमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक ईएनला. रीसेट थोडा लांबतो आणि बहुतेक बोर्ड सरळ होतात.

कनेक्ट होऊन मध्येच तुटत असेल तर टूल्समध्ये अपलोड स्पीड ९२१६०० वरून ११५२०० वर आणा. आणि जीपीआयओ ०, २, १२, १५ वर काय जोडलंय ते बघा. १२ वर सुरू होतानाच ३.३ व्होल्ट असतील तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते आणि पुढे सगळंच कोलमडतं. रिले मॉड्यूल नेमकं १२ ला लावलेलं आढळणं नवीन नाही.

कोड चढतो, मॉनिटरमध्ये कचरा

तिसऱ्या आकड्याचा घोळ. कोडमधला आणि मॉनिटरमधला वेग जुळवा. जुळवूनही कचराच येत असेल तर मॉनिटर अर्ध्या वेगावर ठेवून बघा. ९६०० लिहिलंय आणि ४८०० वर स्वच्छ वाचता येतंय, याचा अर्थ ८ मेगाहर्ट्झचा बोर्ड असताना टूल्समध्ये १६ मेगाहर्ट्झ निवडलाय. एक सेकंदाचा ‘डिले’ही तेव्हा दोन सेकंदांचा होतो. ईएसपी८२६६ सुरू होताना पहिल्या दोन ओळी कचरा दिसतात तो दोष नाही. त्या ७४८८० बॉडने येतात, मॉनिटर त्या वेगावर ठेवला तर वाचता येतात.

अर्ध्यावर तुटणं, तेही सगळं जोडल्यावरच

टेबलावर चालतं, नरकासुरात बसवल्यावर चालत नाही. इथे पोर्टचा दोष नसून विजेचा आहे. यूएसबीतून उनोला मिळतात जेमतेम ५०० मिलीअँपिअर, त्यापुढे बोर्डावरचा फ्यूज गरम होऊन हात आखडता घेतो. रोषणाईच्या डब्ल्यूएस२८१२ पट्टीतली एक एलईडी पूर्ण पांढरी झाली की ६० मिलीअँपिअरपर्यंत ओढते. साठ एलईडींची पट्टी म्हणजे साडेतीन अँपिअरच्या वर. सर्व्हो मोटर सुरू होताना झटका वेगळाच. व्होल्टेज बसतं, यूएसबी चिप बंद पडून पुन्हा सुरू होते आणि पोर्ट अपलोडच्या मध्येच गायब. लिनक्सच्या डीमेसेजमध्ये ‘डिसेबल्ड बाय हब, ईएमआय’ असा शेरा दिसतो.

पट्टी आणि मोटर यांना स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा द्या, जीएनडी मात्र बोर्डाशी सामायिक ठेवा. अपलोडच्या वेळी त्यांचा पुरवठा बंद असला तर उत्तम, पण मग पट्टीची डेटाची तारही काढा, नाहीतर बंद पट्टी त्या पिनमधून वीज ओढत राहते. यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे नेऊ नका आणि ती मोटरच्या तारांसोबत एकाच बांबूला बांधू नका. जनरेटरवरचे हॅलोजन लागता-विझताना पोर्ट उडत असेल तर अपलोडपुरता लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा.

बूटलोडरच गेला असेल तर

लूपबॅक पास, रीसेटवर ‘एल’ हूं की चूं करत नाही, दोन्ही वेगांवर उत्तर नाही. आता बूटलोडर नव्याने भरायचा. यूएसबीएएसपी (चिपमध्ये थेट कोड भरणारं उपकरण, म्हणजे प्रोग्रामर) असेल तर तो बोर्डावरच्या सहा पिनांच्या आयसीएसपी जोडणीला लावा, टूल्समध्ये प्रोग्रामर यूएसबीएएसपी निवडा आणि ‘बर्न बूटलोडर’ द्या. इथे सिरियल पोर्टचा संबंधच येत नाही, म्हणून पोर्टची यादी फिकी दिसली तरी चालेल.

यूएसबीएएसपी नसेल तर दुसरा चांगला उनो घ्या. उदाहरणांमधला ‘अर्डुइनोआयएसपी’ त्यात चढवा, आणि चढवून झाल्यावरच त्याच्या रीसेट आणि जीएनडीमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटला. आधी लावला तर तो उनो स्वतःच ‘नॉट इन सिंक’ देईल. त्याची पिन १० आजारी बोर्डाच्या रीसेटला, ११, १२, १३ याच क्रमांकांच्या पिनांना, ५ व्होल्ट आणि जीएनडी आपापल्या जागी. प्रोग्रामर ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’, बोर्ड मात्र आजारी बोर्डाचा. नॅनो असेल तर इथे प्रोसेसर म्हणून जुना नको, नवा एटीमेगा३२८पी निवडा. ऑप्टिबूट अर्ध्या किलोबाइटचा आहे, जुना दोन किलोबाइट अडवत होता. यापुढे हा नॅनो ११५२०० ने बोलेल. पाठीवरचं ५७६०० खोडायला विसरू नका.